मदत हवी आहे: खुडूक कोंबडीखाली विकतची पिल्लं सोडायची आहेत

पडवीतली

मंडळी, प्रश्न जरा घाईचा आहे.

भोर तालुक्यात सासरी आमच्या घरच्या सात गावरान कोंबड्या आहेत. त्यातली तांबडी गेल्या महिन्यात खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली. पडवीच्या कोपऱ्यात जुन्या पाटीत भाताचं तूस घालून तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. आज २४ वा दिवस, आणि एकही अंडं टिचलेलं नाही. काल रात्री मोबाईलची बॅटरी लावून एकेक अंडं बघितलं. सगळी आरपार निवळ, मध्ये नुसती बलकाची सावली.

तांबडी मात्र हलायला तयार नाही. दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, भली मोठी घाण करते आणि पळत परत पाटीत. तुरा फिका पडलाय, उचलली की हाताला हाडं लागतात. सासूबाई म्हणतात, थंड पाण्यात बुचकळ, नाहीतर नाकात पीस घाल, खुडूक उतरेल. मला ते करवत नाही. एवढी बसली आहे तर विकतची पिल्लं आणून तिच्याखाली सोडावीत असं वाटतंय. घेईल का ती? की टोचून मारेल? आठवडी बाजारात मोटारसायकलवर क्रेट लावून एक जण पिल्लं विकतो, त्याच्याकडची चालतील का? रात्री सोडायची की दिवसा? आणि पिल्लांना कोंबडीचंच खाद्य घातलं तर?

बांधावरची

ताई, आधी हे सांगा, कोंबडा कुठाय?

पडवीतली

दीड महिन्यापूर्वी मुंगसाने नेला.

बांधावरची

मग अंडी फळणार कशी! कोंबडा गेल्यावर पुढे दोनेक आठवडे, फार तर तीन, फळलेली अंडी मिळतात. नंतरची सगळी आम्लेटची. पुढच्या वेळी सातव्या-आठव्या दिवशीच बॅटरी लावून बघा. अंडं फळलं असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. नाही दिसल्या तर तेव्हाच काढायचं. बिचारी चोवीस दिवस फुकट बसली.

पिल्लं घेईल. गावरान आहे आणि पक्की बसलेली आहे. पण आता वेळ काढू नका. उपाशी बसून बसून एक दिवस कंटाळून उठली की मग पिल्लं आणून उपयोग नाही.

आणि ते नाकात पिसाचं काही करू नका हो. आमच्याकडेही करायचे. कोंबडी खुडूक सोडते ती नाकाने हैराण होऊन, नंतर आठवडाभर शिंकत बसते.

निवृत्त गोठा

पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पिल्लू जितकं लहान तितकं बरं. एक दिवसाचं उत्तम, दोन दिवसांचं चालेल, तीनच्या पुढे मी नेणार नाही. कोंबडीपेक्षा पिल्लांमुळेच गणित जास्त बिघडतं. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दीड-दोन दिवसांत पिल्लू जे बघेल, ऐकेल, त्याला आई मानतं. आठवडाभर बल्बखाली वाढलेल्या पिल्लाला कोंबडीची हाक कळत नाही. ते तिच्यापासून लांब पळतं, आणि पळणारं पिल्लू तिला परकं वाटतं.

वय ओळखायची खूण: चोचीच्या टोकावर पांढरा बारीक कण असतो, त्यानेच पिल्लू कवच फोडतं. तो असेल तर पिल्लू ताजं. पंख उलगडून बघा. पिसांच्या नळ्या चांगल्या लांब होऊन टोकाशी पिसं फुटली असतील तर विकणारा काही म्हणो, ते एक दिवसाचं नाही.

बाजारातल्या क्रेटवाल्याकडे जाऊ नका. गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीच्या हॅचरीत बाजूला काढलेले नर असतात. अंडी देणार नाहीत, मांसही धरणार नाहीत. त्यात चार गावची धूळ आणि रोग घेऊन येतात, आणि ते तुमच्या बाकीच्या सहा कोंबड्यांनाही लागतील. खडकीला शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे चौकशी करा. किंवा जवळच्या हॅचरीतून घ्या आणि मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस दिली आहे का ते विचारून घ्या. ती लस पहिल्याच दिवशी हॅचरीत द्यायची असते, घरी आणल्यावर वेळ गेलेली असते.

किती घ्यायची: गावरान कोंबडी दहा-बारा पिल्लं पंखाखाली घेते. पावसाळा आहे, दहावर थांबा. हॅचरीवाला पंचवीसचा बॉक्स गळ्यात मारेल, ऐकू नका.

खाद्य: कोंबडीचं लेअर मॅश पिल्लांना अजिबात नको. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लांना एक टक्का पुरे. जास्त झालं की मूत्रपिंड खराब होतात. उलटं केलेलं चालतं. कोंबडी आता अंडी देत नाही, त्यामुळे पिल्लांचं चिक स्टार्टर तिनेही खाल्लं तरी बिघडत नाही. एकच भांडं ठेवा. पाण्याचं भांडं उथळ, आणि त्यात गोटे टाका, नाहीतर सकाळी एखादं पिल्लू बुडालेलं सापडेल.

कोकणकडा

मी वाईट बातमी देतो. गेल्या वर्षी मी हेच केलं आणि चार पिल्लं गेली.

चुका माझ्याच. पिल्लं सहा दिवसांची होती, बल्बखाली ठेवलेली. दुपारी टळटळीत उन्हात कोंबडीपुढे नेऊन सोडली, म्हटलं ओळख करून घेतील. पिल्लं उजेडाकडे पळाली, कोंबडी त्यांच्यामागे. मी चहा ठेवायला आत गेलो तेवढ्यात दोघांची डोकी फोडली. उरलेली दोन पिल्लं रात्री गारठून गेली, कारण बल्ब काढून ठेवला होता.

तेव्हा रात्रीच सोडा, आणि बल्बचं डालगं तयार ठेवा. नाही घेतलं तर लगेच काढून घेता आलं पाहिजे. मी ते तयार ठेवलं नव्हतं.

चौदावा मजला

ठाण्यात राहते, कोंबडीशी संबंध फक्त बिर्याणीपुरता. तरी हा धागा सकाळपासून तीनदा उघडला. ताई, पुढे काय झालं ते नक्की लिहा.

बांधावरची

रात्री नऊनंतर सोडा, पूर्ण अंधार करून. कोंबडीला अंधारात धड दिसत नाही, ती भांडायला उठत नाही. समोरून हात नेऊ नका, मागून किंवा बाजूने पंखाखाली सरकवा. एक पिल्लू आत, एक अंडं बाहेर, असं हळूहळू. आपल्या पिल्लांचा आवाज ती एरवी अंडं फुटायच्या आधीपासून ऐकत असते. इथे ते एका रात्रीत उरकायचंय, त्यामुळे रात्रभर चिवचिव तिच्या पोटाखाली झाली पाहिजे.

पहिली दोन सोडून अर्धा तास थांबा. ती घुरघुरेल, तुमच्या हाताला टोचेल, ते चालतं. पिल्लाला डोक्यावर जोरात टोचत राहिली तर काढून घ्या. आणि पहाटे उजाडायच्या आधी तुम्ही तिथे हजर हवं. खरी परीक्षा उजेडात होते.

सोडायच्या आधी पाटीतलं तूस बदला, खाली राख भुरभुरवा. चोवीस दिवसांत पिसवा झालेल्या असतात, त्या पिल्लांच्या डोक्यावर चढतात.

पडवीतली

सगळ्यांचे आभार. कालची हकीकत लिहिते.

तालुक्याच्या एका छोट्या हॅचरीतून कावेरी जातीची दहा पिल्लं आणली, सकाळीच निघालेली. चोचीवरचा पांढरा कण बघूनच घेतली. हॅचरीवाला हसला, म्हणाला, मॅडम, तुम्ही भिंग पण आणायचं होतं. मरेक्स दिल्याचं म्हणाला. घरी आल्यावर एकेकाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवली, वर्तमानपत्रावर मक्याचा बारीक भरडा टाकला. संध्याकाळी सात ते नऊ डालग्यात ६० वॅटच्या बल्बखाली ठेवली.

साडेनऊला सुरुवात करायची, तर वीजच गेली. एका परीने बरंच झालं, आख्खी पडवी काळीकुट्ट. नवऱ्याने मोबाईलच्या बॅटरीवर टॉवेल धरला. पहिलं पिल्लू सरकवलं तर तांबडी फुगली, माझ्या मनगटावर दोन टोचे. मी हात तसाच ठेवला. दुसरं सरकवलं. मग पिल्लं खाली चिवचिवायला लागली आणि मिनिटा-दोन मिनिटांनी तिने आवाज बदलला. घशातल्या घशात, बारीक, सलग, कुक कुक कुक. एवढ्या दिवसांत हा आवाज तिने कधी काढला नव्हता. सासूबाई मागून म्हणाल्या, "घेतलं बघ." अकरापर्यंत दहाही आत, नऊ अंडी बाहेर.

पहाटे पाचला गेले तर एक पिल्लू पाटीच्या बाहेर, थंडगार, मान टाकलेली. मेलंच समजले. तरी ओंजळीत धरून तोंडाची वाफ दिली, वीज आली होती म्हणून बल्बखाली ठेवलं. वीस मिनिटांनी पाय हलवला. परत तिच्याखाली सरकवलं. आता कुठलं ते, ओळखू येत नाही.

उजाडल्यावर तिने सगळ्यांकडे एकदा मान वाकडी करून बघितलं. एकाला हलकं टोचलं, माझा जीव वर आला. पण ते धाक दाखवण्यापुरतंच होतं. मग दाणा चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, हाक मारायची, असं सुरू झालं. दुपारी पिल्लं तिच्या पाठीवर चढली होती.

आता दोन शंका. एका पिल्लाची मागची बाजू घाणीने चिकटली आहे. आणि तिला बाहेर कधी सोडू? ती दारापाशी जाऊन ओरडते आहे.

निवृत्त गोठा

झकास. चिकटलेली घाण ओढून काढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करा, पुसा, कोरडं करूनच परत सोडा.

बाहेर निदान आठ-दहा दिवस नको. वरून पाऊस, खाली चिखल, आणि कावळ्याला एवढंसं पिल्लू पुरतं. पडवीतच जाळी लावून जागा करा. तूस ओलं झालं की त्याच दिवशी बदला. पावसाळ्यात रक्ती हगवण ओल्या तुसातूनच येते. विष्ठेत रक्त दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, मानमोडीची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्याच्या सुमारास गंबोरो रोगाची लस. अडचण एवढीच की लासोटाची कुपी शंभर मात्रांची येते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी उरलेली फेकावी लागेल. आळीत आणखी कोणाकडे पिल्लं आहेत का बघा. दुकानातून आणताना बर्फात आणा, थर्मास चालतो.

पडवीतली

कालचं मागचं पुसलं, ते पिल्लू ठीक आहे. पण दुसरंच एक आज सकाळी गेलेलं सापडलं, कशाने ते कळलं नाही. आता नऊ आहेत. अंडीही नऊच होती, म्हणून सासूबाई म्हणतात हिशेब बरोबर झाला.

कुपीचं जमलं. खालच्या आळीत दोघींकडे मिळून एकतीस पिल्लं आहेत. शनिवारी सकाळी नऊला आमच्या पडवीत सगळ्यांना थेंब घालायचे आहेत. थर्मास नवऱ्याचा. त्याला अजून सांगितलेलं नाही.

चौदावा मजला

शनिवारचं पण लिहा.