दुबईला ट्रामाडॉल नेण्याची परवानगी : मदत हवी आहे

आई पुढच्या महिन्यात पुण्याहून भावाकडे दुबईला चालली आहे, व्हिजिट व्हिसावर. मणक्याच्या दुखण्यासाठी ती ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी घेते. ट्रामाडॉल यूएईत नियंत्रित औषध आहे. आधी परवानगी न घेता नेलं तर थेट पोलीस केस होऊ शकते. गोळी बदलता येणार नाही. किडनीमुळे इतर पेनकिलर बंद आहेत आणि ही अचानक थांबवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

तिथल्या सरकारचा ऑनलाइन अर्ज भरायला घेतला आहे. पासपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, लेटरहेडवर डॉक्टरांचं इंग्रजी पत्र तयार आहे. गाडी अडली ती यूएई पासच्या (तिथली सरकारी डिजिटल ओळख) लॉगिनवर. आईकडे एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या रहिवाशांचं ओळखपत्र, नाही. एअरलाइनने हात झटकले. ट्रॅव्हल एजंट म्हणतो, "डबीत भरून न्या, कोण बघतंय!" असले सल्ले कृपया नकोत.

व्हिजिट व्हिसावरच्या कुणासाठी ही परवानगी अलीकडे काढली असेल तर सांगा: भावाच्या लॉगिनवरून आईच्या नावाने अर्ज चालतो का? आणि प्रिस्क्रिप्शनवर फक्त ब्रँडचं नाव आहे, ते चालेल की मूळ औषधाचं नाव आणि डोस लिहून नव्याने घ्यावं?