मदत हवी आहे: खानावळीत झुरळं, जुलाब त्यांच्यामुळे असतील का? (सांगली)

हळदगाठ
विश्रामबागेत विद्यार्थ्यांची खानावळ आहे, रोज साधारण ५० ताटं. फ्रिजच्या मोटरमागे, मिक्सरखाली बारीक तपकिरी झुरळं. रात्री मोरीतून मोठी लालसर. स्प्रे मारला की थोडे दिवस शांत, मग परत तेच. काही मुलांना जुलाब झालेत. संबंध असेल का? खानावळ बंद न ठेवता काय करता येईल?

कल्चरप्लेट
असू शकतो. साल्मोनेला, शिगेला, ई. कोलाय हे जंतू झुरळाच्या पायांवर आणि आतड्यातही सापडतात. मोरीतून झुरळ थेट ताटांवर येतं, खाताना ओकतं, मिरपुडीसारखी काळी विष्ठा टाकतं. उकळत्या आमटीत जंतू मरतात. खरा धोका कोशिंबीर, चटणी, चिरून ठेवलेला कांदा आणि उघडी ताटं यांचा. शिगेलाचे १० ते १०० जंतूही आजारी पाडायला पुरतात. तरी टाकीचं पाणीही तपासून घ्याच, नुसत्या झुरळांवर खापर फोडून भागणार नाही.

ताटं रात्री पालथी घाला, सकाळी पुन्हा धुवा. ओटा आधी साबणाने घासा, कारण तेलकटपणावर जंतुनाशक वाया जातं. मग लिटरभर पाण्यात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ४ मिली घालून त्याने ओटा ओला करा, दोन मिनिटांनी पुसा. संडासच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

बिजागरी
ताई, स्प्रे बंद करा. त्याने झुरळं पांगतात आणि झुरळं मारायच्या जेलजवळ फिरकत नाहीत. बारीक ती जर्मन झुरळं. फिप्रोनिल (कीटकनाशक) ०.०५ टक्के असलेल्या जेलचे मसुराएवढे ठिपके बिजागऱ्यांत, फ्रिजमागे, ओट्याखालच्या फटींत लावा. एकाच जागी ढीग नको, ठिपके जास्त हवेत. जेल खाल्लेलं झुरळ बिळात मरतं. त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीचीही मरतात. मादी ३०-४० अंड्यांची पुडी अंगावर वागवते, त्यामुळे नवी पिल्लं येतच राहतात. दोन-तीन आठवड्यांनी जेल पुन्हा लावा. रात्री खरकटं, ओला स्पंज, फ्रिजच्या ट्रेमधलं पाणी राहिलं तर जेलला कोण विचारतो?

मोठी झुरळं चेंबरमधून येतात, त्यांना जेलपेक्षा जाळी. नहाणी ट्रॅपमध्ये पाणी कायम भरलेलं हवं. पावसाळ्यात गटारं तुंबली की झुरळं वर सरकतात, त्याआधीच झाकणांच्या फटी सिमेंटने बुजवा.

हळदगाठ
कणकेत बोरिक पावडरच्या गोळ्या?

बिजागरी
चालतात, पण सावकाश, आणि वाळल्या की झुरळं तोंड लावत नाहीत. अन्नाजवळ ठेवू नका.

कल्चरप्लेट
स्वयंपाक करणाऱ्या कुणाला जुलाब असतील तर थांबल्यानंतरही ४८ तास त्यांना चुलीपाशी येऊ देऊ नका. मुलांपैकी कुणाला ताप किंवा शौचात रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.