आखाजीच्या सुमारास लस घ्या

ताई, फ्लूची लस दिवाळीनंतर थंडीच्या तोंडावर घ्यावी असं तुम्ही म्हणता, पण आपल्याकडे एक लाट त्याआधीच, पावसाळ्यात येऊन जाते. दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये. लस घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून खान्देशात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सुमार उत्तम, घरातल्या म्हाताऱ्यांसाठी तर नक्कीच. लसीनेच फ्लू होतो ही भीती मनातून काढा, टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो.

कपाट आवरताय तर जुन्या सुती साड्या बोहारणीला देऊ नका, गोधडीला ठेवा. आणि शिवणाऱ्या मावशींना ठरलेल्या मजुरीवर थोडे जास्त द्याच. कंबर मोडणारं काम आहे ते.