नदीचं नाव अबेनाकी, पुस्तिकेत अबेनाकी नाहीत

अमेरिकेत बर्लिंग्टन, व्हरमाँटला येऊन तीन वर्षं झाली. आमच्या गावच्या इतिहासाची पुस्तिका थेट गोऱ्या वसाहतकारांपासून सुरू होते. शेजारून वाहते ती विनूस्की. अबेनाकी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत म्हणे रानकांद्याची जागा. नाव ठेवलं, माणसं गाळली! गेली कुठे ती?

— गेली नाहीत हो. १७५९ मध्ये ब्रिटिशांकडून लढणाऱ्या रॉबर्ट रॉजर्सच्या सैनिकांनी त्यांचं सेंट फ्रान्सिस गाव जाळलं. तेच कॅनडातल्या क्वेबेकमधलं ओडानाक. अबेनाकी आजही तिथे आहेत.

— व्हरमाँटने २०११-१२ मध्ये स्वतःला अबेनाकी म्हणवणाऱ्या चार गटांना मान्यता दिली, पण त्यांच्या वंशाच्या दाव्यालाच ओडानाकचा आक्षेप आहे. जपून विचारा.

— बापरे, हे कुणी बोललंच नव्हतं! ओडानाकला अबेनाकींचं संग्रहालय आहे ना? सुट्टीत आधी तिथेच जाते. पुस्तिकावाल्यांना चिठ्ठी नंतर.