मदत हवी आहे: मेगर चांगला येतो, तरी पहाटे इन्सुलेटरवर ठिणग्या

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत एका कारखान्याच्या १०० केव्ही स्विचयार्डची (उच्चदाब विजेच्या उघड्यावरच्या यार्डाची) देखभाल माझ्याकडे आहे. खाडी जवळच. गेल्या जानेवारीत पहाटे पाचच्या सुमारास इन्सुलेटरच्या एका स्ट्रिंगवर (डिस्कच्या माळेवर) फ्लॅशओव्हर, म्हणजे पृष्ठभागावरून मोठी ठिणगी, होऊन लाइन ट्रिप झाली. दुपारी शटडाऊन घेऊन त्या स्ट्रिंगच्या नऊही डिस्क ५ केव्हीच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासल्या. प्रत्येकीचं रीडिंग २००० मेगओहमच्या वर, कुठे तडा नाही. पण दव पडलं की यार्डातून चरचर ऐकू येते आणि अंधारात पिनपाशी ठिणग्या फिरताना दिसतात. रात्रपाळीची मुलं तिथून फेरी मारतात, म्हणून जास्त काळजी वाटते.

मला वाटतं, खाडीवरचं मीठ आणि कारखान्यांची धूळ डिस्कच्या खालच्या कड्यांत साचते. पाऊस वरची बाजू धुतो, खालची तितकी नाही. कोरडा थर काही करत नाही. ओला झाला की त्यातून गळती प्रवाह वाहतो, मधेच एखादा पट्टा वाळतो, आणि सगळं व्होल्टेज त्या पट्ट्यावर येऊन ठिणगी पडते.

आमच्या डिस्कचा क्रीपेज (पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) २९२ मिमी, म्हणजे नऊ मिळून २६२८. अति प्रदूषित जागेसाठी प्रति केव्ही ३१ मिमी धरलं तर १२३ केव्हीला (आमच्या यार्डासाठी धरलेलं कमाल व्होल्टेज) ३८१३ लागतात!

सफाई मात्र फक्त मे महिन्यात होते. साहेब म्हणतात, "मेगर ओके आहे ना, मग हिवाळ्यात आणखी शटडाऊन कशाला?" त्यांना काय मोजून दाखवू? आरटीव्ही (सिलिकॉन रबराचं) कोटिंग करावं की पॉलिमर (रबरी) इन्सुलेटर बसवावेत?

प्रतिसाद:
दुपारचा मेगर फुटलेली डिस्क पकडतो, मीठ नाही. यार्डाच्या सुरक्षित कडेला एक स्वच्छ जुनी डिस्क बिनव्होल्टेजची टांगा. दर महिन्याला ती डिस्टिल्ड पाण्याने पुसून घ्या, त्या पाण्याची वाहकता मोजा आणि त्यावरून दर चौरस सेंटिमीटरला किती मीठ ते काढा. यासाठी शटडाऊन लागत नाही, आणि महिन्याला किती मीठ बसतं ते साहेबांना स्वतः दिसेल. कोटिंग केलंत तर आधी डिस्क पूर्ण स्वच्छ आणि कोरडी हवी, नाहीतर ते सुटतं. पॉलिमरलाही तपासणी लागतेच: शटडाऊनमध्ये पाणी फवारून बघा. थेंब गोळ्यासारखे राहिले तर ठीक, पसरले तर रबराचा पाणी झटकण्याचा गुण गेला. काहीही करताना परमिट आणि दोन्ही बाजूंचं अर्थिंग झाल्याशिवाय कुणालाही वर चढवू नका.

मूळ लेखक:
मनापासून आभार, दादा. स्टोअरमध्ये दोन जुन्या डिस्क आहेत, उद्याच धुऊन टांगतो. वाहकता मोजायचं मीटर आमच्या बॉयलरच्या लॅबमध्येच आहे. खालची आणि वरची बाजू वेगवेगळी मोजू का?