वॉटर्लूच्या रणभूमीवरील टेकाड आज का दिसत नाही?

प्रश्न:
नमस्कार. लवकरच बेल्जियमला जाणे होणार असून वॉटर्लूची रणभूमी पाहण्याची फार दिवसांची इच्छा आहे. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याविरुद्ध लढताना ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने आपले पायदळ टेकाडाच्या पाठीमागच्या उतारावर दडवून ठेवले होते, असे सर्वत्र वाचायला मिळते. छायाचित्रांत मात्र सिंहाचा पुतळा असलेला एक उंच ढिगारा आणि भोवती जवळजवळ सपाट शेतेच दिसतात. मग ते टेकाड गेले कुठे?

प्रतिसाद १:
ते त्या ढिगाऱ्यात गेले. वेलिंग्टनच्या बाजूने लढणारा ऑरेंजचा राजपुत्र (नेदरलँड्सचा युवराज) जखमी झाला, त्या जागेची खूण म्हणून हे स्मारक १८२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्यासाठी लागणारी माती वेलिंग्टनच्या सैन्याच्या मध्यभागी असलेल्या टेकाडावरूनच खणून आणली गेली. ज्या चढाने फ्रेंच तोफांपासून हजारो माणसांना आडोसा दिला, तोच एका राजपुत्राच्या जखमेसाठी खरवडला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. २२६ पायऱ्या चढून वरून सगळे अवश्य पाहा. पण नंतर खाली उतरून रणभूमीवरच्या हुगोमोंच्या वाड्यापर्यंत पायी जा. तिकडचा चढउतार पुष्कळसा शाबूत असून तो पायांनाच कळतो. बंदुका रोखण्यासाठी वाड्याच्या विटांच्या भिंतीत पाडलेल्या जंग्याही पाहायला विसरू नका.

प्रतिसाद २:
उंचीइतकाच चिखलही महत्त्वाचा होता. आदल्या रात्रभर पाऊस कोसळल्यामुळे जमीन थोडी वाळावी म्हणून नेपोलियन थांबला आणि लढाईला तोंड फुटायला सकाळचे सुमारे साडेअकरा वाजले. ओल्या मातीत तोफगोळे टप्पे घेत पुढे जाण्याऐवजी रुतून बसत. या उशिरामुळे ब्ल्यूखरच्या प्रशियन सैन्याला वेलिंग्टनच्या मदतीला पूर्वेकडून येऊन पोहोचायला वेळ मिळाला.

प्रतिसाद ३:
जमीन वाचण्याची वेलिंग्टनची ही हातोटी आपल्याकडे आधीच दिसली होती. तेव्हा तो आर्थर वेलस्ली होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर केळणा नदीला जवळपास उतार (पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा) नाही असे वाटाडे सांगत असताना, दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून त्यांच्यामध्ये उतार असणारच, असे त्याने ताडले आणि तेथूनच सैन्य पलीकडे नेले. जमल्यास वॉटर्लूला जाण्यापूर्वी जालना जिल्ह्यातील तो काठही पाहून घ्यावा.