अनुभव सांगा: गिझर तापला की सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो, एक्स्पान्शन टँक गेला असेल का?

पाथर्डी फाटा (नाशिक), रो हाउस

थंडी पडली की आमचा २५ लिटरचा गिझर पहाटे पाचला चालू होतो. मागच्या वर्षी गच्चीवर प्रेशर पंप बसवला आणि तेव्हापासून पाणी तापायला लागलं की सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून टपटप सुरू व्हायची. प्लंबरदादांनी गिझरजवळ २ लिटरची लाल टाकी, म्हणजे एक्स्पान्शन टँक, लावली आणि गळणं थांबलं. या दिवाळीनंतर पुन्हा तेच. टाकीवर बोटाने वाजवून पाहिलं तर वरपासून खालपर्यंत सगळीकडे बद्द आवाज येतो. दोघांनी गिझरच बदलायला सांगितलंय. सहा वर्षांचा, उत्तम तापणारा गिझर टाकून द्यायला मन होत नाही. तुमच्याकडे असं झालं असेल तर काय तपासलंत, काय केलंत, ते सविस्तर लिहा. घरात सासूबाई आणि लहान मुलगी आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

गंगापूर रोड, बंगला

ताई, आमच्याकडे यातच चार महिने गेले. प्रेशर पंपाशेजारी मोठी टाकी होतीच. तिच्यातला हवा आणि पाणी वेगळं ठेवणारा रबरी फुगा फाटला असेल म्हणून ती बदलली, तरी गळती तेवढीच. मग एका जुन्या प्लंबरकाकांनी दाखवलं की गिझरच्या इनलेटला जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्यातच एनआरव्ही असतो. पाणी आत जातं, मागे येत नाही. म्हणजे तापून फुगलेलं पाणी पंपाजवळच्या टाकीपर्यंत पोचतच नाही. टाकी हवी ती व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मधल्या तुकड्यावर. टी टाकून तिथे छोटी टाकी घेतली आणि काम झालं. तुमची वर्षभर चालली, म्हणजे तुमची जागा बरोबरच असणार.

पाणी किती फुगतं तेही काकांनी समजावलं. २० अंशांचं पाणी ६० अंशांना गेलं की साधारण दीड टक्का वाढतं. २५ लिटरला जेमतेम ३८० मिली, दोन पेले. पण त्या दोन पेल्यांना जायला वाट नसेल तर दाब भराभर चढतो. नळीखाली आंघोळीचा मग ठेवून मोजा. एका तापवणीला एवढंच पडत असेल तर गिझर फुटलेला नाही, व्हॉल्व्ह आपलं काम करतोय.

सिडको

एक विनंती. त्या नळीला बूच लावू नका, कोणी लावून देतो म्हणाला तरी नाही. आमच्या आधीच्या भाडेकरूंनी 'ओल येते' म्हणून एंड कॅप मारली होती. घर ताब्यात घेतल्यावर दिसली तेव्हा अंगावर काटा आला. थर्मोस्टॅट अडकला असता तर वाफेला बाहेर पडायला दुसरी जागाच नव्हती.

नाशिकरोड, सातवा मजला

आमचं दुखणं वेगळं निघालं. गिझर बंद असतानाही रात्रंदिवस थेंब पडायचे. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात. व्हॉल्व्हच्या सीटवर पांढरा क्षार बसला होता, त्यामुळे तो पुरता मिटतच नव्हता. नवा व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप, वीस मिनिटांचं काम. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्याची दांडी उचलून थोडं पाणी सोडतो, अर्थात गिझर थंड असताना.

म्हणून ताई, आधी हे बघा: फक्त तापताना गळतं, की गार असतानाही?

सातपूर, निवृत्त मेंटेनन्स फिटर

टाकीची परीक्षा सोपी आहे. टाकीच्या बुडाशी टोपणाखाली सायकलसारखा हवेचा व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबायची. हवा आली तर फुगा शाबूत, हवा कमी झाली असेल एवढंच. पाणी आलं तर फुगा फाटला, टाकी बदलायची. काहीच आलं नाही तर हवा पूर्ण गेलीय, भरून बघायची.

हवा भरताना बहुतेकांची एक चूक होते. लाइनमध्ये दाब असताना गेज लावतात, मग आकडा पाण्याच्या दाबाचा येतो, हवेचा नाही. एमसीबी पाडा, गिझर गार होऊ द्या, इनलेटचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब शून्यावर आणा. मग मोजा. पंप बंद होताना लाइनचा दाब जेवढा, तेवढीच हवा टाकीत हवी. २ बार असेल तर टायरच्या गेजवर २९ पीएसआय. पायपंपाने होतं. दोन दिवसांनी पुन्हा मोजा. उतरली असेल तर पिनवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

म्हसरूळ

आमच्याकडे गच्चीवर सोलर आहे, त्याला हवेची उभी नळी आहे. तिथे पाणी फुगलं तरी वाट मोकळी, टाकी लागत नाही. मात्र प्रेशर पंप सोलरच्या आधीच्या लाइनवर घेतला तर त्याच नळीतून पाणी उडतं. आम्ही तो काढून नुसता बाथरूमच्या बाजूला घेतला.

पाथर्डी फाटा, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. गार असताना गळत नाही. मग ठेवला, तर पाण्याने अर्धाही भरला नाही. काल रविवारी सातपूरच्या काकांनी लिहिलंय त्या क्रमाने सगळं बंद केलं आणि पिन दाबली. आधी थोडी ओलसर फुसफुस, मग पाण्याची बारीक धार थेट बाहीवर. रविवार कारंजावरून तशीच २ लिटरची टाकी आणली. बसवण्याआधी पंक्चरवाल्याकडून २९ हवा भरून घेतली. लाइनला चढवल्यावर भरण्यापेक्षा हे बरं पडलं. जुनी टाकी उतरवताना हातात दगडासारखी जड लागली, वजनच सगळं सांगत होतं.

आज पहाटे पाच ते साडेपाच बादली उलटी घालून तिथेच बसले होते. नळीचं टोक कोरडं राहिलं. काका, आता हवा पुन्हा किती महिन्यांनी तपासू?

सातपूर

पहिल्यांदा महिन्याने, मग सहा महिन्यांनी. तारीख टाकीवरच मार्करने लिहून ठेवा.